दंडावरून दंडावर: देवीची लस वाहून नेणारी मुले

देवीच्या लशीची गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. इंग्लंडमधील बर्कली गावचे डॉक्टर एडवर्ड जेन्नर, गायींच्या धारा काढताना हाताला फोड आलेली सारा नेल्म्स ही गवळण आणि जिच्या आचळांवरून गायींच्या देवीचा, म्हणजे माणसांच्या देवीसारख्याच पण सौम्य रोगाचा, संसर्ग साराच्या हाताला झाला ती ब्लॉसम नावाची गाय. या ब्लॉसमचे कातडे लंडनमधील सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यालयात जपून ठेवलेले आहे. गायीला एवढा मान मिळाला याचे मला वाईट वाटत नाही. मात्र 14 मे 1796 रोजी ज्याच्या दंडावर साराच्या फोडातील द्रव टोचण्यात आला, त्या आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या वाट्याला बहुतेक पुस्तकांत एखादे वाक्य येते आणि त्याच्यानंतर ज्या शेकडो मुलांच्या अंगातून ती लस जिवंत राहून जगभर पोहोचली, त्यांच्या वाट्याला तेही येत नाही. या मुलांना 'प्रयोगात भाग घेतलेली मुले' म्हणणे मला अपुरे वाटते. पहिली पन्नास-साठ वर्षे तरी ही मुले हेच लस साठवण्याचे आणि वाहून नेण्याचे मुख्य साधन होते.

जेम्स हा जेन्नर यांच्याकडे बागकाम करणाऱ्या भूमिहीन मजुराचा मुलगा. लस टोचल्यानंतर त्याला एक-दोन दिवस कणकण आली आणि तो बरा झाला. खरी कसोटी पुढे होती. 1 जुलै रोजी जेन्नर यांनी त्याच्या दंडात खऱ्या देवीच्या रोग्याच्या फोडातील पू टोचला आणि मुलाला देवी येतात का याची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. आजच्या नजरेने पाहता हा प्रकार अंगावर काटा आणणारा आहे, परंतु त्या काळाच्या संदर्भात त्याचे स्वरूप थोडे वेगळे होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. देवीचा सौम्य संसर्ग मुद्दाम घडवून आणण्याची पद्धत इंग्लंडमध्ये तेव्हा पाऊणशे वर्षे रूढ होती. स्वतः जेन्नर यांनाही लहानपणी अशीच देवी टोचण्यात आली होती. नैसर्गिक देवीने शंभरातले वीस ते तीस रोगी दगावत, तर टोचलेल्या देवीने एक किंवा दोन. म्हणजे जेम्सला जुलैमध्ये जे टोचण्यात आले, ते त्याला आज ना उद्या टोचले जाण्याचा संभव होताच. धोका मात्र होता, आणि तो पत्करायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार आठ वर्षांच्या मुलाला नव्हता. त्याच्या बापालाही मालकाला नकार देणे कितपत शक्य होते, हा प्रश्न उरतोच.

खरे तर एकट्या जेम्समुळे काहीच सिद्ध झाले नव्हते. एका मुलाला देवी आल्या नाहीत, याची कारणे अनेक असू शकतात. शिवाय गायींमधील हा रोग दुर्मीळ होता. तो कधी उगवे आणि वर्षानुवर्षे दिसेनासा होई. गाय आजारी पडेल तेव्हाच लस मिळणार असेल, तर त्या लशीचा जगाला उपयोग नव्हता. म्हणून माझ्या मते खरा शोध 1796 मध्ये नव्हे, तर 1798 च्या वसंत ऋतूत लागला. त्या वेळी जेन्नर यांनी साडेपाच वर्षांच्या विल्यम समर्सला थेट गायीच्या आचळावरील फोडातून लस टोचली. समर्सच्या फोडातून आठ वर्षांच्या विल्यम पीडला. पीडच्या फोडातून इतर काही जणांबरोबर सात वर्षांच्या हॅना एक्सेलला. हॅनाच्या दंडावरून चार लहान मुलांना, ज्यांत पाच वर्षांची मेरी पीड होती आणि जेन्नर यांचा स्वतःचा अकरा महिन्यांचा मुलगा रॉबर्टही होता. आणि मेरीच्या दंडावरून बार्ज नावाच्या सात वर्षांच्या मुलाला. रॉबर्टला लस लागू पडली नाही. बार्जला नंतर खरी देवी टोचून पाहिली, तर ती त्याला बाधली नाही. इतक्या अंगांतून जाऊनही लशीचा गुण उणावत नाही आणि ती पुढे चालू ठेवण्यासाठी गायीची गरज उरत नाही, ही गोष्ट या मुलांच्या साखळीने दाखवून दिली. पुढचे सगळे त्यावर उभे राहिले.

त्याच वर्षीच्या नोंदींत जॉन बेकर नावाचा पाच वर्षांचा मुलगा आहे. घोड्याच्या पायाच्या रोगातून ज्या माणसाच्या हाताला फोड आले होते, त्याच्याकडून घेतलेली लस त्याला टोचण्यात आली. त्यानंतर त्याच्यावर देवीची कसोटी घेता आली नाही, कारण गरिबांसाठीच्या कार्यगृहात त्याला संसर्गजन्य ताप लागला, असे जेन्नर यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे. त्या तापात तो मुलगा गेला, ही गोष्ट पहिल्या आवृत्तीत नव्हती. ब्लॉसमच्या कातड्याच्या शेजारी कोणीतरी जॉन बेकरचेही नाव लिहून ठेवावे, असे मला हे वाचल्यापासून वाटत आले आहे.

गरीब आणि अनाथ मुलांवर आधी करून पाहायचे आणि मग ते थोरामोठ्यांच्या मुलांना द्यायचे, हा क्रम जेन्नर यांनी घालून दिलेला नाही. देवी टोचण्याची तुर्की पद्धत लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू यांनी इंग्लंडमध्ये आणली, तेव्हा 1721 मध्ये ती प्रथम न्यूगेट तुरुंगातील सहा कैद्यांवर आणि नंतर सेंट जेम्स परगण्यातील धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांवर करून पाहण्यात आली आणि ती सगळी सुखरूप राहिली, हे दिसल्यावरच 1722 मध्ये युवराज्ञीच्या मुली अमेलिया आणि कॅरोलिन यांना देवी टोचण्यात आल्या. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे की लेडी मेरी यांनी त्याआधीच कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये स्वतःच्या मुलाला ती टोचून घेतली होती. त्याचप्रमाणे डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने 1774 मध्ये, म्हणजे जेन्नर यांच्याही बावीस वर्षे आधी, विणकामाच्या सुईने आपल्या बायकोला आणि दोन चिमुकल्या मुलांना गायीची देवी टोचली होती. जेस्टी डॉक्टर नव्हता आणि त्याने काही छापलेही नाही. त्याला आपले घर वाचवायचे होते.

आता मुलेच का, हा प्रश्न. याचे उत्तर रोगाच्याच स्वभावात आहे. देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि ज्याला देवी येऊन गेल्या किंवा आधी टोचल्या गेल्या, त्याच्या अंगात गायीची लस धरत नाही. अठराव्या शतकातील शहरांत बहुतेक मोठी माणसे या ना त्या मार्गाने देवीतून गेलेली असत, त्यामुळे लस धरेल याची खात्री फक्त लहान मुलांच्या बाबतीतच देता येत असे. दुसरी अडचण लशीची. टोचल्यानंतर साधारण आठव्या दिवशी फोड पूर्ण भरतो, त्यातील द्रव स्वच्छ असतो आणि तेवढे एक-दोन दिवसच तो उपयोगाचा. नंतर तो गढूळ होतो, फोड सुकतो आणि खपली धरते. हा द्रव दोऱ्यात भिजवून किंवा काचेच्या दोन तुकड्यांमध्ये बंद करून काही दिवस टिकवता येत असे, पण थंड हवेत. उष्ण प्रदेशात आणि लांबच्या समुद्रप्रवासात तो मरून जाई. विरजण जसे वेळेवर नव्या दुधाला लावले नाही तर हातचे जाते, तसेच हे होते, फक्त येथे दुधाच्या जागी दर आठ-दहा दिवसांनी एक ताजे मूल लागत असे. आणि एक मूल आयुष्यात एकदाच उपयोगी पडे.

या हिशेबाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण स्पेनचे आहे. राजा चौथा कार्लोस याची एक मुलगी 1794 मध्ये देवीने दगावली होती. अमेरिका खंडातील स्पेनच्या वसाहतींत देवीची साथ पसरल्याच्या बातम्या आल्यावर त्याने दरबारी डॉक्टर फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस यांची योजना मंजूर केली. अटलांटिक महासागर ओलांडायला लागणाऱ्या काळात काचेतील लस टिकणार नव्हती, म्हणून ती मुलांच्या दंडांवरून न्यायची, असे ठरले. 30 नोव्हेंबर 1803 रोजी ला कोरुन्या बंदरातून 'मारिया पिता' हे जहाज निघाले, त्यात बावीस मुलगे होते. वय साधारण तीन ते नऊ. एक सोडून सगळे अनाथाश्रमांतून आणलेले, बहुतेक जन्मतःच टाकून दिलेले. काही माद्रिदहून आलेले, काही सांतियागोहून, उरलेले ला कोरुन्यातलेच. ला कोरुन्याच्या अनाथाश्रमाची प्रमुख इसाबेल सेंदाल ही त्यांची काळजी घेण्यासाठी जहाजावर चढली आणि बावीस जणांतील बेनितो हा नऊ वर्षांचा मुलगा तिचा स्वतःचा होता.

मुलांना देण्याच्या सामानाची यादी उपलब्ध आहे. दोन जोडे, सहा सदरे, एक टोपी, विजारी आणि जाकिटे, थंडीसाठी जाड कापडाची एक वेगळी विजार, गळ्याचे रुमाल, नाकाचे रुमाल, एक फणी. आणि जेवणासाठी प्रत्येकाला स्वतंत्र पेला, ताटली आणि काटे-चमचे. आश्रमात यांतले काय काय त्यांना स्वतःचे म्हणून मिळाले असेल, याची मला शंका आहे. लस टोचण्याची पद्धत अशी होती की एका वेळी दोन मुलांना टोचायचे, म्हणजे एकाचा फोड खाजवून फुटला किंवा लस धरलीच नाही, तरी दुसरा हाताशी असतो. नऊ-दहा दिवसांनी त्यांच्या फोडांतून पुढच्या दोघांना. बावीस मुले म्हणजे अकरा जोड्या, अकरा जोड्या म्हणजे साधारण शंभर ते एकशे दहा दिवस. ज्यांची पाळी आलेली नाही, त्यांना पाळी आलेल्यांपासून दूर ठेवावे लागे, कारण झोपेत नुसता दंड दंडाला घासला तरी लस अकाली लागण्याची भीती होती आणि मग साखळीतील एक कडी वाया जाणार. तीन वर्षांच्या, चार वर्षांच्या मुलांना डगमगत्या जहाजावर असे आवरून धरणे म्हणजे काय असेल, हे ज्यांनी घरात एका मुलाच्या कांजिण्या निभावल्या आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

कॅनरी बेटांवर मुक्काम करून जहाज फेब्रुवारी 1804 मध्ये पोर्तो रिकोला पोहोचले. तेथे शेजारच्या डॅनिश बेटावरून लस आधीच येऊन पोहोचली होती, त्यामुळे बाल्मिस यांचा पारा चढला आणि स्थानिक डॉक्टरांशी त्यांचे भांडण झाले. माणूस कर्तबगार पण तिखट होता, असे एकूण दिसते. पुढे व्हेनेझुएलाच्या पुएर्तो काबेयो बंदरात जहाज लागले, तेव्हा फक्त एका मुलाच्या दंडावर उपयोगी फोड शिल्लक होता. एका मुलाच्या एका फोडावर सगळी मोहीम येऊन ठेपली होती. तेथून मोहीम दोन भागांत वाटली गेली. होसे साल्वानी हे तरुण डॉक्टर दक्षिण अमेरिकेत शिरले, अँडीज पर्वताच्या कडेकडेने लस नेत राहिले आणि 1810 मध्ये कोचाबांबा येथे मरण पावले. बाल्मिस क्यूबामार्गे मेक्सिकोकडे निघाले. हवानामध्ये पुढच्या प्रवासासाठी मुले मिळेनात, तेव्हा त्यांनी तीन गुलाम मुली विकत घेतल्या आणि त्यांच्याबरोबर एका पलटणीतील ढोल वाजवणारा पोर घेतला. मानवजातीच्या कल्याणासाठी निघालेल्या मोहिमेच्या हिशेबवहीत गुलाम मुलींची खरेदी आहे, आणि ही नोंद करताना कोणाचा हात थरथरला असेल असे वाटत नाही.

स्पेनहून आलेली मुले मेक्सिको शहरात पोहोचली, तेव्हा त्यांचे काम संपले होते. त्यांना चांगले सांभाळू, शिकवू आणि काम मिळेपर्यंत पोसू, असे वचन राजाच्या नावाने देण्यात आले होते. प्रत्यक्षात त्यांना तेथील गरिबांच्या आश्रमात ठेवण्यात आले, काहींना पुढे कुटुंबांनी दत्तक घेतले, आणि ती स्पेनला परतली नाहीत. याउलट फेब्रुवारी 1805 मध्ये आकापुल्कोहून फिलिपीन्सकडे निघताना बाल्मिस यांनी मेक्सिकोतील सव्वीस मुले बरोबर घेतली, त्यांतील अनेकांचे आईबाप हयात होते आणि त्यांना त्यासाठी पैसे देण्यात आले होते. 'मागायानेस' या जहाजावर या मुलांचे हाल झाले. त्यांना जमिनीवर दाटीवाटीने झोपवले जाई, जहाज कलंडले की ती एकमेकांवर घसरत, आणि एकदा अशाच घसरण्यातून सात जणांना एकदमच लस लागली. तरीही एप्रिलमध्ये लस मनिलाला सुखरूप पोहोचली. ही सव्वीस मुले मात्र 1807 मध्ये इसाबेलच्या सोबतीने मेक्सिकोला परत आणण्यात आली. ज्यांची वाट पाहणारे कोणी होते ती परतली, ज्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते ती राहिली. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

भारतात लस येण्याची कथा बाल्मिस यांच्या आधीची आहे आणि तिचे प्रवेशद्वार मुंबई आहे. इंग्लंडहून जहाजाने लस पाठवण्याचे प्रयत्न फसले होते. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या काही महिन्यांच्या प्रवासात ती उष्णतेने निकामी होई. शेवटी वाट सापडली ती खुष्कीची. व्हिएन्नामध्ये राहणारे डॉ. ज्याँ द कारो यांनी काचेत बंद करून, वर मेणाचा थर देऊन लस कॉन्स्टॅन्टिनोपलमार्गे बगदादला पाठवली, ती तेथे मुलांच्या अंगात धरली, तिथून ती बसऱ्याला गेली आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला. हा टप्पाही पहिल्या खेपेला साधला नाही. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर टोचलेली लस लागू पडली, आणि भारतात यशस्वीपणे लस दिली गेलेली पहिली व्यक्ती म्हणून तिची नोंद झाली.

अ‍ॅनाविषयी उपलब्ध असलेली माहिती एका परिच्छेदात मावते. डॉ. जॉर्ज कीर यांनी 1803 मध्ये मुंबईत छापलेल्या वृत्तांतात ही हकीकत आली आहे. ती एका इंग्रज कप्तानाच्या नोकराची मुलगी होती, निरोगी होती, आणि डॉक्टरांच्या मते स्वभावाने विलक्षण शांत व समजूतदार होती. हा शेरा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तीन वर्षांचे मूल आठ दिवस दंडावरचा खाजरा फोड न फोडता राहिले आणि आठव्या दिवशी तो टोकरून त्यातील द्रव काढून घेताना आकांत न करता बसले, यावर त्या आठवड्यात पुष्कळ काही अवलंबून होते. तिच्या फोडातून पुढच्या आठवड्यात पाच मुलांना लस टोचण्यात आली. त्या पाचांपासून ती हैदराबाद, कोचीन, तेल्लिचेरी, चिंगलपेट, मद्रास अशी पसरत गेली, मैसूरच्या राजवाड्यापर्यंत पोहोचली, समुद्रमार्गे कलकत्त्याला आणि श्रीलंकेलाही गेली. मद्रासहून कलकत्त्याला जातानाही तीच युक्ती वापरण्यात आली: जहाजावर मुले, आणि मुलांच्या दंडावर लस.

मैसूरच्या राजवाड्यातील एक चित्र या संदर्भात नेहमी दाखवले जाते. टॉमस हिकी या चित्रकाराने 1805 च्या सुमारास काढलेल्या त्या चित्रात राजघराण्यातील तीन स्त्रिया आहेत आणि त्यांतील एकीने पदर सरकवून दंडाकडे बोट केलेले आहे. ही धाकटी राणी देवाजम्मणी असून ती लस घेतल्याची जागा दाखवत आहे, असा अर्थ एका इतिहासकाराने लावला आहे. तो बरोबर असेल तर तीही त्या वेळी बारा-तेरा वर्षांची मुलगीच होती, आणि राजाज्ञेने लशीची जाहिरात करण्यासाठी उभी होती. राणीचे तैलचित्र झाले. अ‍ॅनाचे चित्र काढण्याचे कोणाला कारण नव्हते.

पुढे मुंबई इलाख्यात लसीकरण गावोगावी जाऊ लागले, तेव्हा साखळी राखण्याचा प्रश्न कायमचा होऊन बसला. लस टोचणारा कर्मचारी, ज्याला आपल्याकडे लोक 'देवी डॉक्टर' म्हणत, एका गावात मुलांना टोचून गेला, की आठव्या दिवशी त्यातल्या एखाद्या मुलाच्या फोडातून दुसऱ्या गावातल्या मुलांना टोचायचे. त्यासाठी फोड आलेले मूल उचलून पुढच्या गावाला न्यावे लागे. आईबापांना त्याचे पैसे दिले जात. पैशासाठी आजारल्यासारखे मूल उन्हातान्हातून दुसऱ्या गावी पाठवायला कोण तयार होणार? ज्यांना त्या पैशांची निकड होती तेच. आणि ते बहुधा गावकुसाबाहेरचे, तथाकथित खालच्या जातींचे असत. मग पुढच्या गावातील वरच्या जातीची माणसे त्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात घालून घ्यायला नकार देत. इंग्रज अधिकाऱ्यांनी हा नकार अडाणीपणाच्या आणि देवीच्या कोपाच्या समजुतींच्या खात्यावर जमा केला. त्यात विटाळाची कल्पना होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सरकारी कागदांत आणखी एक तक्रार वारंवार दिसते आणि ती आयांची आहे: लस टोचण्याला त्यांचा जितका विरोध होता, त्याहून अधिक विरोध आठ दिवसांनी परत येऊन सुजलेल्या दंडावरचा फोड फोडून घेण्याला होता. मूल तापाने किरकिरे झालेले असे, दंड ठणकत असे, आणि त्या फोडातून जो द्रव काढला जाई तो तिच्या नव्हे, दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या कामाचा असे. या बायकांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय दंडावरून दंडावर जाणाऱ्या या पद्धतीत एक खरा धोका होता, जो डॉक्टरांनी बराच काळ मान्य केला नाही. 1861 मध्ये इटलीतील रिवाल्ता येथे एका वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलाच्या फोडातून त्रेसष्ट मुलांना लस देण्यात आली आणि त्यांतील चाळीसहून अधिक मुलांना उपदंश (सिफिलिस) झाला, कारण ज्या मुलाकडून लस घेतली त्याच्या अंगात तो रोग लपलेला होता. म्हणजे 'कोणाच्या अंगातले आमच्या मुलाच्या अंगात घालता?' ही आपल्याकडच्या लोकांची शंका, तिची कारणमीमांसा वेगळी असली तरी, अगदीच निराधार नव्हती. इंग्लंडमध्ये ही पद्धत कायद्याने बंद व्हायला 1898 साल उजाडले.

या बाबतीत मुंबईचे पाऊल लवकर पडले, हे सांगताना थोडा अभिमान वाटतो. वासराच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत इटलीत सुरू होऊन 1864 मध्ये पॅरिसला पोहोचली होती. मुंबईत 1869 च्या सुमारास डॉ. अनंत चंद्रोबा यांनी ती अंगीकारली. ते ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले होते आणि शहराच्या लसीकरण खात्यात काम करीत. 1877 मध्ये मुंबई शहरात लहान मुलांना देवी टोचणे कायद्याने सक्तीचे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावला वासरांपासून लस तयार करणारी संस्था उभी राहिली. तेथील विस्तीर्ण, झाडीचा 'व्हॅक्सिन डेपो' आज बेळगावकरांना सकाळी फिरायला जाण्याची जागा म्हणून अधिक परिचित आहे. वासराला अशा प्रकारे वापरण्यावरही आक्षेप आले, पण निदान फोड आलेले मूल कडेवर घेऊन गावोगाव फिरण्याची गरज संपली. लशीला मुलांच्या अंगाची गरज असण्याचा काळ असा हळूहळू आटोपला. 1950 च्या दशकात लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कोलियर यांनी गोठवून वाळवलेली लस मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत बसवली. ती महिनोन्‌महिने उन्हाळ्यातही टिकत असे. जागतिक निर्मूलन मोहीम शक्य झाली ती या कोरड्या पुडीमुळे. माझ्या आईच्या पिढीच्या दंडांवर दिसणारे देवीचे गोल वण या वाळवलेल्या लशीच्या किंवा तिच्या आधीच्या वासराच्या लशीच्या काळातले आहेत. ते कोणा दुसऱ्या मुलाच्या फोडातून आलेले नाहीत.

मुले या गोष्टीतून तरीही बाहेर पडली नाहीत. मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात लशीपेक्षा बातमी अधिक महत्त्वाची ठरली: देवीचा रोगी कुठे आहे हे वेळेवर कळले, तर त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचून साथ तिथल्या तिथे थांबवता येत असे. रोगी दाखवून देणाऱ्याला बक्षीस जाहीर करण्यात आले होते. रोगाचा गंभीर प्रकार नैसर्गिकरीत्या झालेली जगातील शेवटची रोगी बांगलादेशातील भोला बेटावर 16 ऑक्टोबर 1975 रोजी आजारी पडली. तिचे नाव रहिमा बानू. ती तीन वर्षांचीही झालेली नव्हती, आणि ती बरी झाली. तिच्या आजाराची खबर आरोग्य पथकाला दिली ती बिल्किसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने. फिप्स, बार्ज, बेनितो, अ‍ॅना यांच्यापैकी कोणालाही आपल्याकडून काय करून घेतले जात आहे, हे धड कळले नसणार. बिल्किसुन्निसाला ते कळले होते; तिने आपण होऊन खबर दिली, आणि ठरलेले अडीचशे टका तिला मिळाले.